घाण्यापासून किती लांब

सुईनं अंड्याला एक भोक,
मग नखं कापायच्या कात्रीनं चौकोन,
रुपयाच्या नाण्याहून लहान.
उदगीरच्या आमच्या कॉलेजात
याला आम्ही खिडकी म्हणतो.
भिंतीतल्या खिडकीतून दिसते डाळमिलची धूळ
आणि किल्ल्याचा एक बुरूज.
या खिडकीतून चौथ्या दिवसाचं काळीज,
टाचणीच्या डोक्याएवढं,
कुणी न सांगता चालू झालेलं.

कुणी न सांगता,
असं मी पहिली दोन वर्षं शिकवलं.
चूक होतं ते.
सांगणारे असतात.

लाइट गेली की मन्मथअप्पा
इन्क्युबेटरवर घरची वाकळ टाकतात.
अंडी मोजतात, ट्रे धुतात,
आतल्या गोष्टीत त्यांना रस नसावा
असं मी परस्पर ठरवून टाकलेलं.

एका मंगळवारी म्हणाले,
"म्याडम, काय बघलालाव?
नातीच्या उजव्या हाताला दोन अंगठे हाईत.
लातूरचा डॉक्टर म्हंतो कापून टाकू.
बायको म्हंती सुनंनं गिराणात भाजी चिरली.
तुमी सांगा."

मी दुसरं अंडं उघडलं.
त्यांचा डोळा भिंगाला लावला.
तो कडेचा फुगवटा बघा, खसखशीएवढा,
त्याचा पंख होणार.
आपला हातही असाच उगवतो,
आईला नीट दिवस गेलेले कळतात न कळतात तेवढ्यात.
त्या फुगवट्याच्या मागच्या कडेला
काही पेशी बसलेल्या असतात,
त्या एक प्रथिन सोडत राहतात.
नाव त्याला साळिंदराच्या लांबच्या सोयऱ्याचं.
नाव सोडा.

तुम्ही स्टेशनवरून रात्री घरी जाता,
रस्त्यावर दिवे नसतात,
पण करडईच्या घाण्याचा वास येतो.
वास दाट झाला की कळतं, गल्ली आली.
विरळ असला की अजून चालायचं.
पेशीजवळही नकाशा नसतो, अप्पा.
वास किती दाट, किती वेळ,
एवढंच तिला कळतं.
खूप दाट, खूप वेळ: करंगळी.
त्याहून कमी: मधलं बोट.
विरत विरत गेला की तर्जनी.
आणि जिथं तो पोचतच नाही
तिथं अंगठा,
एकटा, बाकीच्यांकडे तोंड करून.

मग बोटांच्या मधल्या पेशींना
दुसरं कुणी येऊन सांगतं,
झालं तुमचं, आता निघा.
त्या निघतात.
बदकाच्या पायात नाही निघत.

भिंगावरून डोळा न काढता अप्पा म्हणाले,
"मंग दोन अंगठे?"

पुढच्या कडेलाही थोडा घाणा सुरू झाला.
जिथं नको होता तिथं.
जनुक धड असतं,
पण त्याला 'आता चालू हो' म्हणणारा मजकूर
फार लांब लिहिलेला असतो,
त्यातलं एक अक्षर फिरलं.
एकच.
गिराणाचं काही नाही. भाजीचं तर नाहीच.

अप्पा बराच वेळ वाकलेलेच.
"म्हंजे," ते म्हणाले,
"लेकराला दोन्ही अंगानं हाक आली."

सतरा वर्षं मी फळ्यावर
लाल बाण, निळे बाण काढत आले.

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला
आणि त्यात नेहमी गुंडाळलेला उजवा हात
टेबलावर ठेवला, अंड्याशेजारी.
अंगठ्याच्या बुडाशी दुसरा,
वाटाण्याच्या शेंगेएवढा, नखासकट.
"कुनी इचारलंच न्हाई," म्हणाले.
याच हातातून मी रोज अंडं घेतलं होतं
आणि अंडंच बघितलं होतं.

कापायचं की नाही
ते मला विचारू नका, मी म्हणाले,
ते डॉक्टरला आणि पोरीला, मोठी झाली की.
त्यांनी मान हलवली.
हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
अंधारात अप्पा उठले,
वाकळीचं टोक दोन अंगठ्यांनी धरून
इन्क्युबेटरच्या कडेला नीट खोचलं.
चौकोनावर मी चिकटपट्टी लावली.
बाहेरून वास येत होता,
दाट नाही, विरळही नाही.